विजयदुर्गची गोदी : एका आरमारी कारखान्याचा इतिहास

दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला मराठेशाहीची आठवण मुद्दाम करून द्यावी लागत नाही. लाल किल्ल्यावरून जाताना त्याला १७६० सालचे सदाशिवराव भाऊ आठवतात, उत्तरेच्या वाटेला लागला की पानिपत येते, आणि महादजी शिंद्यांच्या वकील-इ-मुत्लकीचा विषय निघाला की त्याचा ऊर अद्यापि भरून येतो. परंतु हे सारे स्मरण घोडदळाचे, छावण्यांचे आणि तहनाम्यांचे आहे. ज्या राज्याचे स्वार यमुनेवर घोड्यांना पाणी पाजीत होते, त्याच राज्याचे सुतार आणि लोहार त्याच शतकात कोकणातील एका खाडीच्या काठी युद्धनौका बांधीत होते, आणि त्या नौकांनी इंग्रज, डच व पोर्तुगीज या तिन्ही दर्यावर्दी सत्तांना दीर्घकाळ स्वस्थ झोप घेऊ दिली नव्हती, ही गोष्ट राजधानीतील मराठी घरांत क्वचितच बोलली जाते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने विजयदुर्गजवळच्या गिर्ये येथील आरमारी गोदीचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवीत आहे.

पूर्वपीठिका

मराठी आरमाराचा आरंभ विजयदुर्गास झाला नाही. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण आणि भिवंडी ही ठाणी शिवाजी महाराजांच्या हाती आली आणि पाठोपाठ त्या खाडीत जहाजबांधणीचे काम सुरू झाले. वसईकडच्या पोर्तुगीजांपैकी रुय लैतांव व्हिएगस या जाणकाराच्या देखरेखीखाली ते चालले होते. परंतु आपल्याच माणसांच्या हातून शेजारी एक नवी दर्यावर्दी सत्ता उभी राहत आहे हे ध्यानात येताच वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्यास व त्याच्या सोबत्यांना काम टाकून परत येण्यास भाग पाडले. परकी उस्ताद असा मध्येच निघून गेला तरी बांधणी थांबली नाही, आणि १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणास सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला तेव्हा त्या किल्ल्याच्या आश्रयाने वावरेल असे आरमार महाराजांच्या पदरी होते. परकीयांकडून विद्या घ्यावी, पण परकीयांवर विसंबून राहू नये, हा धडा मराठी जहाजबांधणीला असा पहिल्याच पावलावर मिळाला.

पुढे राजारामांच्या आणि ताराबाईंच्या कठीण काळात कोकण किनाऱ्याची राखण ज्यांनी केली, त्या कान्होजी आंग्र्यांच्या हाती कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग ही आरमाराची मुख्य ठाणी एकवटली. १७१३ साली बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले आणि त्यांची सरखेली कायम झाली. गिर्ये येथील गोदी ही या आंग्रेशाहीच्या भरभराटीची निर्मिती होय.

स्थान आणि रचना

वाघोटण नदी जेथे समुद्रास मिळते तेथे दक्षिण तीरावर विजयदुर्ग उभा आहे. परकीय कागदपत्रांत याच किल्ल्यास घेरिया म्हटले आहे. तिहेरी तटबंदीचा हा किल्ला खाडीच्या मुखावर असा बसला आहे की त्याच्या तोफांच्या मारगिरीत आल्यावाचून कोणतेही मोठे जहाज आत शिरू शकत नाही. खाडी खोल, आत शिरल्यावर वाऱ्यापासून निवारा, आणि वरच्या अंगास खारेपाटणपर्यंत जलमार्ग व तेथून घाटाकडे जाणारी वाट, असा त्रिविध लाभ या एका स्थळी होता. शत्रूपासून आडोसा मिळावा, सामान आणण्यास सोय असावी आणि पाण्यास खोली असावी या तिन्ही गोष्टी एकत्र सापडणे किती दुर्मीळ असते, हे ज्याने कोकणचा किनारा उत्तर-दक्षिण पाहिला आहे त्यास सांगावयास नको.

किल्ल्यापासून खाडीने थोडे आत गेले की गिर्ये गावच्या हद्दीत ही गोदी लागते. सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद असे हे आवार कातळ खोदून सिद्ध केलेले आहे. जेथे कातळ पुरला नाही तेथे चुन्यावाचून दगडावर दगड रचून बांध घातला आहे, आणि खाडीच्या बाजूस जहाजांना आत येण्यासाठी तोंड राखले आहे. तिची कार्यपद्धती पूर्णपणे भरती-ओहोटीवर बेतलेली होती. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चढले की गलबत दोरांनी ओढून आत घ्यावयाचे, दोन्ही कुशींना टेकू देऊन ते सरळ उभे करावयाचे, आणि ओहोटी लागून तळ उघडा पडला की शिंपले-शेवाळ खरवडणे, किडलेली फळी काढून नवी बसविणे, सांध्यांत काथ्या व कापूस ठोकून त्यावर राळ आणि तेल यांचा लेप देणे, ही कामे पुढची भरती येण्याच्या आत जेवढी उरकतील तेवढी उरकावयाची. दिवसातून दोनदा समुद्रच कामाची सुटी पुकारीत असे, आणि दोनदा कामास बोलावीत असे. तळाचा उतार बेताचा असल्यामुळे फार मोठे जहाज तेथे संपूर्ण कोरडे होत नसे ही या रचनेची मर्यादा होती. परंतु मराठी आरमाराची मदार ज्या उथळ बुडाच्या नौकांवर होती, त्यांस ही गोदी पुरेशी होती.

कारभार आणि कारागिरी

या नौकांत मुख्य दोन : गुराब आणि गलबत. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची लढाऊ नौका. तिची नाळ लांब, निमुळती आणि पुढे झुकलेली असे व तेथे बसविलेल्या तोफा थेट समोर मारा करीत. त्यामुळे शत्रूच्या पाठीमागे लागलेली गुराब आपली दिशा न बदलता त्यावर आग ओकू शकत असे. गलबत त्याहून लहान, हलके आणि शिडाइतकेच वल्ह्यांवर चालणारे. चाळीस-पन्नास वल्ही एका तालात पडू लागली की वारा पडलेल्या दिवशीही ते धावे. नेमक्या अशाच दिवशी, शिडे लोंबकळत अवजड युरोपीय जहाज जागच्या जागी खिळलेले असताना, गलबते गुराबांना दोरखंडांनी ओढीत त्याच्या पिछाडीस नेऊन उभी करीत, आणि जेथे त्या जहाजाच्या तोफा पोचत नसत तेथून मारा सुरू होई. सामना अंगावर आला तर उथळ खाडीत शिरून जावे. मागोमाग येणाऱ्याचे बूड वाळूत रुतावे. ही युद्धनीती गोदीतच जन्मास येत होती, कारण नौकेचे बूड किती खोल ठेवावे हा निर्णय सेनापतीच्या आधी सुताराला करावा लागत असे.

आरमाराच्या कारभाराविषयी मराठी राज्याची दृष्टी कशी होती, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील आरमारविषयक प्रकरणावरून स्वच्छ दिसते. नौका फार थोर नसाव्यात, फार लहानही नसाव्यात. पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा. आरमाराच्या खर्चास मुलूख नेमून द्यावा, बंदराच्या पैदास्तीवर तो टाकू नये, कारण तसे केल्यास व्यापाऱ्यास उपद्रव होऊन बंदरच बुडेल. पावसाळ्यापूर्वी नौका सुरक्षित बंदरी आणून त्यांची छावणी करावी, आणि छावणीच्या लोकांनी रयतेस काडीचा त्रास देऊ नये. त्यातही लाकडाविषयीची ताकीद मनात ठसून राहते. सागवानासारखी लागतील ती झाडे हुजुराची परवानगी घेऊन तोडावीत, उणे पडेल ते परमुलखातून खरेदी करून आणावे, पण आंबा-फणसाच्या झाडांस हात लावू नये. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखास पारावार राहत नाही. युद्धासाठी लाकूड हवे असतानाही कोणते लाकूड घेऊ नये याचा विचार करणारे राज्य किती प्रगल्भ होते हे येथे दिसते.

गोदीत राबणाऱ्या माणसांची नावे इतिहासाने राखलेली नाहीत. सुतार, लोहार, शिडे शिवणारे, काथ्या वळणारे, आणि नौका पाण्यात उतरली की तिच्यावर चढणारे गाबीत, भंडारी, कोळी, खारवी आणि दालदी समाजांतील खलाशी व तांडेल, अशी ही अठरापगड मंडळी होती. हिंदू-मुसलमान हा भेद डेकावर नव्हता आणि गोदीतही नव्हता. कागदावर आराखडा काढल्यावाचून, नजरेच्या आणि सुताच्या मापाने, वाकड्या वाढलेल्या फांदीतून नेमका जेथे बसेल तेथला बाक निवडून, ती माणसे तोफांचा धक्का सोसणारी नौका उभी करीत. नारळी पौर्णिमेस दर्या शांत होऊ लागे तोवर सारी डागडुजी पुरी व्हावी लागे, म्हणून वरून पाऊस कोसळत असतानाचे महिने हेच या कारखान्याच्या घाईचे महिने होते.

कसोटीची वर्षे

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१७ साली विजयदुर्गावर आरमार पाठविले. हल्लेखोरांच्या शिड्या तटाच्या माथ्यास पोचल्या नाहीत, आणि मोठी हानी सोसून त्यांना परतावे लागले. १७२० साली ‘फ्राम’ नावाचा सपाट बुडाचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून पुन्हा स्वारी केली. तीही व्यर्थ गेली. १७२४ साली डचांनी सात जहाजांचा ताफा आणून नशीब अजमावले, आणि तेही हात हलवीत परतले. १७२९ साली कान्होजींचा अंत झाला. पुढे सेखोजी, मग संभाजी आणि १७४२ नंतर तुळाजी यांच्या अमलात विजयदुर्ग होता; घरातील भाऊबंदकीने आंग्र्यांची सत्ता कुलाबा आणि विजयदुर्ग अशी दुभंगली, तरी गोदीचे काम जोमात राहिले. १७४९ साली तुळाजीने कंपनीचे ‘रिस्टोरेशन’ हे लढाऊ जहाज पाडाव केले. १७५४ च्या आरंभी तीन डच जहाजांशी झालेल्या सामन्यात दोन जळाली आणि तिसरे हाती लागले. गिर्ये येथील रामेश्वराच्या देवळाजवळ संभाजी आंग्र्यांची समाधी आहे; या घराण्याचा आणि या गोदीचा संबंध किती निकटचा होता याची ती साक्ष होय.

१७५६ चे अग्निकांड

यानंतरचा प्रसंग कोणाही मराठी माणसाने खाली मान घालून वाचावा असा आहे. तुळाजी पुण्याच्या सत्तेस जुमानीत नव्हता, शेजारच्या सरदारांच्या मुलखास उपद्रव देत होता, खंडणी थकवीत होता. त्याचा बंदोबस्त करणे राज्याच्या दृष्टीने अवश्य होते. परंतु त्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी जो मार्ग पत्करला तो इंग्रजांच्या साहाय्याचा होता. कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांनी मुंबईकरांशी १७५५ च्या मार्चात करार केला; पुढच्याच महिन्यात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला; आणि १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह ‘केंट’, ‘कंबरलंड’, ‘टायगर’, ‘सॉल्झबरी’ इत्यादी जहाजांसह विजयदुर्गापुढे येऊन ठेपले. तुळाजी त्या वेळी तहाच्या बोलण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेला होता.

१२ फेब्रुवारीस भडिमार सुरू झाला. किल्ल्याच्या आश्रयास आरमार एकमेकांस जखडून दाटीने नांगरलेले होते. पाडाव करून आणलेल्या ‘रिस्टोरेशन’वर एक पेटता गोळा पडला, ते जहाज भडकले, आणि राळ-तेलाने माखलेल्या लाकडाला आग जशी धरते तशी ती एका गुराबेवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर सरकत गेली. आठ गुराबा आणि गलबतांचा मोठा समूह बघता बघता भस्म झाला. पिढ्यांनी उभारलेले आरमार एका दिवसात संपले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. त्या वेळी दोन मोठी जहाजे अद्याप बांधणीतच होती, म्हणजे गोदीतील करवत आणि वाकस शेवटच्या घटकेपर्यंत थांबले नव्हते.

किल्ल्यात सापडलेली सुमारे दहा लक्ष रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली आणि ज्यांच्या नावाने ही मोहीम झाली त्या पेशव्यांस त्यातील वाटा दिला नाही. करारान्वये किल्लाही तत्काळ द्यावयाचा होता. तो बाणकोटच्या मोबदल्यात ऑक्टोबरच्या तहाने मिळाला. दिल्लीच्या वाचकांनी या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहावा. चार वर्षांनी, १७६० च्या ऑगस्टात, भाऊसाहेबांनी दिल्लीचा किल्ला घेतला तेव्हा फौजेच्या खर्चासाठी दिवाण-इ-खासाचे रुप्याचे छत उतरवून त्याचे नाणे पाडावे लागले, आणि त्यातून सुमारे नऊ लक्ष रुपये उभे राहिले. यमुनेच्या काठी ज्या रकमेसाठी एवढी बदनामी सोसावी लागली, तिच्याहून अधिक धन वाघोटणच्या काठी परक्यांच्या पदरात पडू दिले होते. त्याहून मोठी हानी अशी की वॉटसन आणि क्लाइव्ह हीच जोडी, ‘केंट’ आणि ‘टायगर’ हीच जहाजे घेऊन, त्याच वर्षाच्या अखेरीस बंगाल्यात उतरली, आणि १७५७ च्या जूनमध्ये प्लासी झाली. पश्चिम किनाऱ्यावर अडकून पडण्याचे कारण त्या आरमारास आता उरले नव्हते.

पुनरुज्जीवन आणि अस्त

आरमार जळाले तरी गोदी कातळात खोदलेली होती, आणि गोदीतली विद्या माणसांच्या हातांत होती. म्हणून पेशव्यांनी आरमाराचा सुभा विजयदुर्गास नव्याने उभारला तेव्हा कारखाना पुन्हा चालू झाला. आनंदराव धुळप हे या दुसऱ्या पर्वाचे कर्ते पुरुष. त्यांचा वाडा विजयदुर्ग गावात आहे. ‘नारायणपाल’, ‘फत्तेजंग’ अशा नावांची जहाजे या ताफ्यात होती. १७८३ च्या ८ एप्रिलला धुळपांच्या आरमाराने इंग्रजांच्या ‘रेंजर’ जहाजास गाठले. त्यावर कर्नल मॅक्लाउड, हंबरस्टन आणि शॉ यांच्यासारखे वरिष्ठ सेनाधिकारी होते; तास न् तास निकराची झुंज होऊन जहाज पाडाव झाले, मॅक्लाउड जखमी झाला आणि हंबरस्टनची जखम प्राणघातक ठरली. सालबाईचा तह झालेला होता, म्हणून जहाज पुढे परत करण्यात आले. परंतु सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या बंदरात राखेचा ढीग उरला होता त्याच बंदरातून एवढी ताकद पुन्हा उभी राहिली, हे त्या अनामिक कारागिरांचे यश होय.

तथापि हे यश टिकले नाही. १८१८ साली पेशवाईबरोबर विजयदुर्ग इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि गोदीस काम देणारी सत्ताच नाहीशी झाली. या अस्ताचे कारण कित्येक लोक कारागिरीच्या उणेपणात शोधतात. ते मला मान्य नाही. मुंबईत १७३५-३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून आले, १७५० साली तेथे कोरडी गोदी झाली, आणि त्या एका घराण्याच्या हाती पिढ्यान् पिढ्या जहाजबांधणी सोपवून कंपनीने त्यास अखंड काम पुरविले. मुंबईच्या गोदीतही सागवान हिंदुस्थानातलेच होते, हातही हिंदुस्थानातलेच. १८१७ साली तेथे पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी गिर्येची गोदी कायमची बंद पडली. दोन गोद्यांमधला भेद विद्येचा नव्हता. एकीस लढाई असो वा नसो दरसाल काम, दरसाल पैसा आणि दरसाल सुधारणा मिळत गेली. दुसरीस तहान लागली म्हणजे विहीर खणावयाची या रीतीने वागविले गेले. दरवाजे आणि पंप असलेली कोरडी गोदी बांधण्यासाठी गिर्येत कातळही होता आणि माणसेही होती. नव्हती ती पुण्याची सलग नजर.

आजची स्थिती आणि आपले कर्तव्य

गोदीचे आवार आज गाळाने बरेच भरले आहे, परंतु तिची आकृती अजून स्पष्ट दिसते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी विजयदुर्ग परिसरात संशोधन करून गोदीचा अभ्यास केला आणि किल्ल्यालगतच्या समुद्रतळाशी असलेल्या भिंतीचीही पाहणी केली. २०२२ साली भारतीय नौदलाच्या ध्वजावर शिवमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली, आणि २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत विजयदुर्ग आहे. किल्ल्याचा हा गौरव यथायोग्यच होय. पण किल्ला आरमाराचे रक्षण करतो आणि गोदी आरमार निर्माण करते, म्हणून गोदीला वगळून होणारे कौतुक अर्धेच राहते.

राजधानीत राहणाऱ्या मराठी मंडळींत नौदलाच्या मुख्यालयात, पुरातत्त्व खात्यात, अभिलेखागारात आणि निरनिराळ्या मंत्रालयांत अधिकारपदावर असणारे अनेक आहेत. गिर्येच्या गोदीतील गाळ शास्त्रशुद्ध रीतीने काढून तिचे संपूर्ण मोजमाप व्हावे, मराठी, पोर्तुगीज, डच आणि इंग्रजी दफ्तरांत विखुरलेले तिच्याविषयीचे कागद एका ठिकाणी प्रसिद्ध व्हावेत, आणि तेथे तोफांबरोबर करवत, वाकस, काथ्या आणि शीड यांचेही दर्शन घडवील असे लहानसे संग्रहालय उभे राहावे, एवढी मागणी त्यांनी आपापल्या जागेवरून लावून धरल्यास ती अवघड नाही. कोकणात लाकडी होड्या बांधणारे जुने हात अजून आहेत. नौकेचा बाक नजरेने कसा ओळखावा हे त्यांनाच विचारून लिहून घेतले पाहिजे, आणि ते याच पिढीत झाले पाहिजे. आरमार जळाल्यावर पुन्हा उभे राहू शकते हे गिर्येच्या गोदीने एकदा सिद्ध केले आहे. कारागीर आणि त्याची विद्या गेली तर ते उभे राहत नाही, हेही तिच्याच इतिहासाने शिकविले आहे. समुद्रावर पुन्हा सामर्थ्याने वावरू पाहणाऱ्या देशाने या दोन्ही गोष्टी ध्यानी धराव्यात, म्हणून हा इतिहास सांगितला.